ताडपत्रीखालचं लाकूड

मास्तर, तुला पेटीत घालून नागपूरला पाठवलं त्या दिवशी माझ्या मनात तुझ्याबद्दल नुसती माया होती. राग दुसऱ्या दिवशी आला, आणि तो अजून गेलेला नाही.

विमानतळावर मी मेधावहिनींच्या हातात पाण्याची बाटली दिली, कागद कोणत्या खिडकीवर दाखवायचे ते त्यांच्या भावाला समजावलं आणि परत येताना गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन रडलो. तू बघितलं असतंस तर म्हणाला असतास, शेठ रडून राहिला म्हणजे कोणाला तरी भावात पाडायचं असंन. वहिनींनी जाताना तुमच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे दिली. बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घाला भाऊजी, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यार्डात गेलो. इथे आखातात, उम्म अल कुवैनमध्ये, ऑगस्ट संपत आला की सकाळ कशी असते ते तुला माहीत आहे. समुद्राकडून वाफ येते, चष्मा पुसला की लगेच पुन्हा धूसर होतो, आणि सूर्य दिसतो तो पांढरा, जळून उरलेल्या राखेसारखा. शेडमध्ये तुझ्या शनिवारच्या वर्गाचं सगळं जिथल्या तिथे होतं. छोट्या करवती भिंतीवर टांगलेल्या, पॉलिश पेपरचे तुकडे बिस्किटाच्या डब्यात, मुलांचे गॉगल दोरीवर. त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी सरळ मागच्या भिंतीकडे गेलो. कचरा नेणाऱ्या गाडीवाल्याचा फोन आला होता. माल किती आहे ते बघून सांग, मग दराचं बोलू, म्हणाला. म्हणून मी पिवळी ताडपत्री उचलली.

ढीग खाली बसला होता. वरच्या फळ्या नव्हत्या.

मी यार्डातल्या शफीकला हाक मारली. "इधर से किसने निकाला?"

तो म्हणाला, "अवि साब ने. आपको पता है ना? साब बोले, शेठ से डील हो गया."

अवि साब म्हणजे तू, मास्तर, आणि असा सौदा केल्याचं मला काही आठवेना.

ते लाकूड काय होतं हे तुला मी सांगितलं होतं, मास्तर. पुन्हा सांगतो, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांना ते कळायला हवं. एका गोदामातून जुन्या पॅलेटचा मोठा लॉट मी उचलला होता. त्यातल्या काहींवर शेतीच्या फवारणीच्या औषधाचे ड्रम ठेवलेले असायचे, आणि त्यातले काही ड्रम गळले होते. लाकूड ते औषध प्यालं होतं. पूर्वेकडचं जड, लालसर, सरळ धाग्याचं लाकूड, पण त्यावर हिरवट डाग आणि लसूण कुजल्यासारखा वास. शफीकने ती गाडी हातमोजे न घालता उतरवली आणि दुपारपर्यंत ओकून ओकून आडवा झाला. डोळ्यांतून पाणी थांबेना, हात थरथरत होते. त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. तो परत आल्यावर मी त्या फळ्या वेगळ्या काढल्या, ताडपत्री टाकली, वर विटा ठेवल्या आणि सगळ्यांना बजावलं की इथे हात लावायचा नाही. तुलाही बजावलं.

तू पहिल्यांदा यार्डात आलास ते आठवतं? पॉलिश केलेले बूट, शारजाच्या केबल फॅक्टरीतला क्वालिटीचा साहेब, आणि मला म्हणालास, तुमच्याकडे लाकडाचे तुकडे पडलेले असतात ना, मला मुलांसाठी हवेत. मला वाटलं फुकट मागायला आलाय. मी कोकणातून आलो तो दुसऱ्याच्या यार्डात खिळे उपटायला. फुकट मागणाऱ्यांचा मला राग आहे. मी म्हणालो, नाही. तू गेलास, आणि पुढच्या शनिवारी एक डबा घेऊन आलास. टेबलावर ठेवलास, काही बोलला नाहीस. मी उघडला तर वहिनींच्या हातचे सांडगे, तळलेले. मी खाल्ले. तू म्हणालास, "आता तुकडे घेऊन जातो."

तीच आपली रीत झाली. मुलांच्या लाकडाचे पैसे मी घेणार नव्हतो, आणि फुकट तू घेणार नव्हतास. तू म्हणायचास, फुकटाचं लाकूड पोरं नासवतात, त्यांना दिसलं पाहिजे की काकांनी काहीतरी मोजलं. म्हणून तू मागायचास, मी नाही म्हणायचो, तू डबा आणायचास. डबा खाल्ला की सौदा पक्का. न उघडता परत दिला की मोडला. इतक्या वर्षांत मी एकही डबा परत दिला नाही. माझं नाही म्हणजे, काय आणतोस बोल.

तुझी पोरंही ते शिकली. स्वरा, माझी मुलगी, दहा वर्षांची, घरी मला रंधा मागताना टेबलावर गोळी ठेवायची. मी हसायचो. माझी बायको सुनीता म्हणायची, तुझ्यासारखीच व्यापारी होणार.

आणि वर्ग तू चालवायचास छान. हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. मोठ्याने फळी धरायची, करवत मुलाने चालवायची. आई-बापांनी मध्ये हात घातला की तू ओरडायचास, "साहेब, ते पेनस्टँड तुमचं आहे का? मग सोडा ना बे." मुलांनी चिमण्यांचे खोपे केले, किल्ल्यांच्या खुंट्या केल्या, आजीला व्हिडिओवर दाखवायला पाट केले. तुझे स्वतःचे सांधे कधी काटकोनात बसले नाहीत. मी म्हणायचो, दोन खिळे मार आणि खलास. तू म्हणायचास, खिळा ठोकला की पोरगं विचार करायचं थांबतं. तो वाद अर्धाच राहिला. मला अजूनही वाटतं खिळा बरा.

यंदा तू तान्ह्या पोळ्याचं काढलंस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात आणि खाऊ घेतात, हे मला कोकणात माहीतच नव्हतं. तू सांगताना तुझा आवाज बदलला. अजमानच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये पोरांची मिरवणूक काढायची, प्रत्येकाने स्वतःचा बैल करायचा. चाकं झाडूच्या दांड्याच्या चकत्यांची, आस कबाबाच्या काड्यांचा. पहिले बैल पाइनचे झाले आणि दोरी ओढली की आडवे पडले. सगळे. स्वराचा तर शिंगांवरच पडला. पोरं हसली, तू हसला नाहीस.

"लाकूड हलकं आहे," तू म्हणालास. "नागपूरचा बैल जड असते. धरून बसते जमिनीले."

मग तू मागे गेलास, ताडपत्रीचं टोक उचललंस आणि तिथूनच ओरडलास, "शेठ, हे काहून लपवून ठेवलं?"

मी धावत आलो. "ते ठेव. त्याला हात लावायचा नाही."

"वरचा थर रंध्याने काढून टाकू. आत लाकूड स्वच्छ असते."

"मेल्या, औषध प्यालंय ते. शफीकची काय गत झाली बघितलीस ना?"

"शफीक उन्हाने पडला असंन."

"नाही म्हणतो ना मी. नाही."

तू माझ्याकडे बघून हसलास. "काहून चिडून राहिला शेठ? बरं, नाही तर नाही."

त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मी आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यावरून भाव ओळखला, त्यावर पोट भरलं. तुझं ते हसू मात्र मला वाचता आलं नाही.

पुढच्या शनिवारी तू डबा आणलास. कडबोळी. मी फोनवर होतो, एका ड्रायव्हरशी भांडत होतो, आणि भांडता भांडता कडबोळी खाल्ली. मला वाटलं पाइनच्या तुकड्यांसाठी असतील. तू विचारलंस, "चांगली आहेत ना?" मी मान हलवली. तुझ्या लेखी सौदा झाला.

त्यानंतरच्या शनिवारी मी खोर फक्कानला होतो, बंदरावर माल अडकला होता. संध्याकाळी स्वरा बैल घेऊन आली. पांढरा रंग, लाल शिंगं, पाठीवर सोनेरी कागदाची झूल. ओढला की टाइल्सवर सरळ चालायचा, खडखड करत. "बाबा, इट डझन्ट फॉल," ती म्हणाली. मी हातात घेतला. जड होता. मला वाटलं तू कुठून तरी चांगलं लाकूड विकत आणलंस, आणि मला थोडा रागही आला, की माझ्याकडे मागायचं सोडून बाहेर कशाला गेलास.

सोमवारी तुझा फोन आला होता. बाल्कनीत रंधा मारला तेव्हापासून डोळ्यांतून पाणी येतंय, घाम थांबत नाही, हात जरा थरथरतो, म्हणालास. मी म्हणालो, बाल्कनीत उन्हात रंधा कशाला मारतोस, एसीत बस. तू म्हणालास, "झालं आता, सगळं झालं." बुधवारी पहाटे तू गेलास. डॉक्टर म्हणाले हृदय. असेलही. तुझं वजन, तुझा बीपी, तुझा चहा, सगळं मला माहीत होतं. मी डॉक्टर नाही. पण शफीकचे हात मी बघितले आहेत.

ताडपत्री खाली टाकून मी सरळ तुमच्या फ्लॅटवर आलो. बाल्कनीच्या दाराच्या फटी तू चिकटपट्टीने बुजवल्या होत्यास, धूळ घरात येऊ नये म्हणून. बाहेरच्या बाजूने पडदा लावला होतास, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. त्या कोंडलेल्या खोक्यात तू रंधा मारत बसला होतास. भुसा दोन पिशव्यांत बांधून ठेवला होता, व्यवस्थित, गाठ मारून. फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, काही रंधलेल्या, काही तशाच. दार उघडल्याबरोबर लसणाचा वास आला. तुळस वाळून गेली होती.

तू वास घेतला असशील, मास्तर. घेतला असणारच. तू क्वालिटीचा माणूस. तुला वाटलं असेल, शेठ भाव वाढवायला घाबरवतोय. मला तुझा राग येतो तो इथे.

मग मी घरोघर फिरलो.

पहिल्या दोन घरी खोटं बोललो. म्हणालो लाकडाला कीड आहे, बैल परत द्या, दुसरे करून देतो. तुझं नाव त्यात यायला नको होतं. तू जाऊन चार दिवसही झाले नव्हते, आणि पहिल्या घरात बैल देवाजवळ ठेवलेला. दुसऱ्या घरी पोराने उशाशी घेतला होता, रात्रीही सोडत नाही म्हणे. त्याच्या बापाने दारातच मला अडवलं. "शेठ, एवढंच असेल तर लाकडाचं बिल पाठवा ना. आम्ही देतो. मास्तरांची शेवटची आठवण आहे ती."

मी माझा आवाज कसा धरून ठेवला ते मला माहीत. "बैल आण," मी म्हणालो. "बिलाचं नंतर बघू."

बाहेर पडताना त्याची बायको आतून म्हणाली, "लाकूड परत मागायला आले, आणि तेही सुतकात." मी ऐकलं. जिना उतरताना बैल कापडात गुंडाळून धरला होता, हातमोजे घालून. माझ्याकडे बघून कोणालाही वाटलं असतं की मी चोरी करून निघालोय.

तिसरं घर नेहाचं. तिचा मोठा अर्णव तुझ्या वर्गात, धाकटी अजून रांगते, तिला दात येतायत. नेहाने दार उघडलं, कडेवर धाकटी, आणि धाकटीच्या तोंडात बैलाचं शिंग.

मी नेहाच्या अंगावर ओरडलो. तिच्या हातातून, मुलीच्या तोंडातून मी ते काढलं. मुलगी किंचाळली, अर्णव धावत आला, नेहाचा नवरा आतून येऊन माझ्या अंगावर आला. "काका, काय झालंय तुम्हाला? यल्ला, चला, बाहेर व्हा."

मग मी खरं सांगितलं. उभ्या उभ्या, चपला घालून, सगळं. ताडपत्री, ड्रम, शफीक, बाल्कनी. नेहाने पर्स घेतली. इस्पितळाकडे जाताना गाडीत मी मागे बसलो होतो. धाकटीने रस्त्यात एकदा ओकलं. नेहा म्हणाली, सकाळीही ओकली होती, मला वाटलं दातांमुळे.

ती आता बरी आहे. हे मला आधी लिहायला हवं होतं, पण मलाही ते फार उशिरा कळलं, दुपार सरल्यावर, आणि तोपर्यंत मी इस्पितळाच्या पार्किंगमध्ये उन्हात उभा होतो. आत एसीत मला बसवेना. तिथे मी तुला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. आईवरून बोललो. गेलेल्या माणसाला असं कोणी बोलत नाही.

त्यानंतर मी सगळ्यांना फोन केले आणि खरं सांगितलं. काहींनी बैल स्वतः आणून दिले. काहींना ते पटलं नाही. एकजण म्हणाला, "मास्तर एवढा शिकलेला माणूस, तो असं करेल? गेलेल्या माणसावर ढकलू नका शेठ, माल तुमचा आहे." मी फोन आपटला. परत उचलून पुन्हा लावला आणि म्हणालो, "माल माझा आहे. बैल दे." त्याने वॉचमनकडे ठेवला, मला वर बोलावलं नाही.

वहिनी फ्लॅट सोडायला परत आल्या तेव्हा त्यांना मी समोर बसून सांगितलं. बाल्कनी मी धुऊन घेतली होती, फळ्या आणि पिशव्या हलवल्या होत्या, पण चिकटपट्टीचे चट्टे दारावर तसेच होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"त्यानेच गेले का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही वहिनी. आता कळणार पण नाही."

त्या एक चट्टा नखाने खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं वाईट होतं, तर ठेवलं कशाला होतं भाऊजी?"

मी त्यांना सांगितलं की गाडीवाल्याशी दराचं बोलणं चाललं होतं. त्यांनी मान हलवली, जणू मी भाजीच्या भावाबद्दल काही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी मला बोलता येतं.

हे सगळं लिहू का, असंही विचारलं. म्हणाल्या, "लिहा. पण त्यांना मूर्ख करू नका." मी प्रयत्न करतोय, वहिनी. हा मूर्ख नव्हता. तुमच्या कडबोळ्यांवर त्याचा विश्वास होता, आणि माझ्या खाण्यावर.

गाडीवाला त्याच दिवशी आला. त्याने जो दर सांगितला त्याला मी हो म्हणालो. तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला, काहीतरी लपवतोय असं त्याला वाटलं असणार. फळ्या गेल्या, पिशव्या गेल्या, आणि प्लास्टिकच्या ड्रममध्ये बंद केलेले बैल गेले. स्वराचाही त्यात होता. त्या पहिल्या दिवशी मी सकाळी फोनवर सांगितलं, आणि संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा तिने तो पिशवीत बांधून, कुरकुर न करता दिला. मला बरं वाटलं होतं, की माझी मुलगी शहाणी आहे.

मग परवाचा रविवार, दुपारची वेळ. मी जेवून टेबलाशी बसलो होतो, फोनवर रुवैसच्या एका पार्टीशी घासाघीस चालू होती. टेबलावर एक डबी होती, खजुराच्या चॉकलेटांची, स्वराची लाडकी, ती कोणाला हात लावू देत नाही. बोलता बोलता मी एक खाल्लं. मग दुसरं. फोन ठेवला तेव्हा स्वरा दारात उभी होती.

"बाबा, यू एट इट," ती म्हणाली.

"हो. तूच ठेवलीस ना?"

"सो डील डन."

"कसली डील?"

ती नुसती तिच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली, आणि मास्तर, माझ्या तोंडातला खजूर माती झाला. मी उठलो. तिच्या उशीमागे, शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून, बैल होता. पांढरा, लाल शिंगांचा. हातात घेतला. जड.

"मग तू मला दिलास तो कुठला?"

"द ओल्ड वन. पाइन वाला. आय पेंटेड इट सेम." ती बैलाकडे बघत म्हणाली, "दॅट वन फॉल्स डाऊन, बाबा. काका सेड धिस वन इज द रिअल वन."

इतके दिवस ते तिच्या डोक्याशी होतं. मी घरोघर फिरत होतो, लोकांच्या पोरांच्या हातातून ते काढत होतो, आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्या कपाळावर हात फिरवून झोपवत होतो.

"नाही," मी म्हणालो. "हा ठेवायचा नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. घाबरलेली नव्हती. वाट बघत होती, आणि तिच्या तोंडावर थोडंसं हसू होतं. तुझंच हसू, मास्तर, अगदी तेच, ताडपत्रीचं टोक हातात धरून तू हसला होतास ते.

"ओके," ती म्हणाली. "व्हॉट एल्स डू यू वॉन्ट?"

मला ओरडता आलं असतं. मला ओरडायला वेळ लागत नाही. मी खाली फरशीवर बसलो. बैल पिशवीत घातला, तिचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, ती लहान होती तेव्हा धुवायचो तसे, आणि मग तिला सगळं सांगितलं. सुनीता दारात उभी राहून ऐकत होती. मी तोपर्यंत मुलीला एवढंच सांगितलं होतं की लाकडाला कीड आहे.

सगळं ऐकून तिने विचारलं, "डिड काका नो?"

"मी सांगितलं होतं त्याला. नाही म्हणालो होतो."

"बट बाबा," ती म्हणाली, "यू ऑल्वेज से नाही."

सुनीताने तिला लगेच डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, बरं आहे म्हणाले, पुन्हा एकदा तपासू म्हणाले. तिचे डोळे लाल आहेत. रडली आहे म्हणून असतील. रोज सकाळी ती उठली की मी आधी तिचे हात बघतो. चमचा धरायला लावतो, तो हलतो का बघतो. तिला ते कळलंय, म्हणून ती चमचा मुद्दाम घट्ट धरते, आणि मग तो हलतो.

माझी तक्रार संपलेली नाही, मास्तर. तू मला एकदा विचारायला हवं होतंस, सरळ, डब्याशिवाय. शेठ, खरंच नाही का? चार शब्द. पण तुझ्याशी भांडायला आता मला शनिवार उरलेले नाहीत, आणि जे काही मला सुचतं ते सगळं तुलाच सांगावंसं वाटतं. यार्डात येणारा दुसरा कोणी माझ्याशी वाद घालत नाही. सगळे दर विचारतात आणि जातात.

तुझा कडबोळ्यांचा डबा अजून माझ्या टेबलावर आहे. तळाशी थोडी उरली आहेत, मऊ पडलेली. न उघडता परत करायची वेळ गेली, आणि रिकामा करून परत द्यायला माझा हात होत नाही. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, राहू दे तुमच्याकडेच.

शनिवारी पोरं येणार आहेत. स्वराने सगळ्यांना मेसेज केले. नेहा अर्णवला घेऊन येईन म्हणाली, ती स्वतः फळी धरणार आहे. बाकीचे किती येतील माहीत नाही. मी सकाळीच शफीककडून शेड धुऊन घेतली, पाइनच्या फळ्या समोर मांडल्या, आणि मागची भिंत उघडी ठेवली आहे, तिथे काही झाकलेलं नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. पोरं लाकूड मागायला आली की मी पहिल्या झटक्याला हो म्हणणार आहे. डबा नको, गोळी नको. मला ते जमेल का, माहीत नाही. जीभ आपोआप नाहीवर जाते. पण हो म्हणायची सवय लागली, तर पुढे कधी नाही म्हणेन ते पोरांना ऐकू येईल.

तान्हा पोळा होऊन गेला, तरी मिरवणूक काढायची असं स्वरा म्हणते. पाइनचे बैल दोरी ओढली की आडवे पडतात. पडू देत.